अंबरनाथचे शिवालय : आख्यायिका, शिलालेख आणि एक विशेषण

अंबरनाथच्या शिवालयाविषयी आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. पहिली लोकांची : वनवासातील पांडवांनी ते एका रात्रीत उभारले आणि काम अपुरे टाकून त्यांना निघून जावे लागले. दुसरी सुशिक्षितांची : हे देऊळ 'हेमाडपंती' आहे. पहिलीस आपण हसतो. दुसरी मात्र विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून निःशंकपणे उतरविली जाते. या दोहोंपैकी अधिक सदोष कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

देवळातील संस्कृत शिलालेख उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मम्मुणी (माम्वाणी) राजाच्या कारकिर्दीतील आहे. त्यातील शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने देऊळ दोनशे वर्षे मागे गेले होते. ती चूक एकोणिसाव्या शतकातच दुरुस्त झाली.

आता आख्यायिकेकडे वळू. लोकभाषेत 'पांडव' हा शब्द अनेकदा स्मरणापलीकडील काळाचा निर्देशक असतो. नाशिकच्या बौद्ध लेण्यांनाही 'पांडवलेणी' म्हणतात, ते याच अर्थाने. शिवाय ही कथा एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहते. शिखराचा वरचा भाग आज नसल्यामुळे गर्भगृह आकाशाकडे उघडे आहे. ते असे का, हा प्रश्न पाहणाऱ्यास पडतोच. 'अंबर' म्हणजे आकाश, ही नावाची लोकव्युत्पत्तीही त्याच दृश्याचा आधार घेते. कथा इतिहास म्हणून खोटी असली, तरी तिने वास्तू पाहिली आहे.

'हेमाडपंती' या विशेषणाविषयी असे म्हणता येत नाही. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे या शब्दाने देऊळ सुमारे दोनशे वर्षे पुढे ढकलले जाते. याच महादेव यादवाने सोमेश्वराचा पराभव करून उत्तर कोकणातील शिलाहार सत्ता संपविली होती. ज्यांची सत्ता गेली, त्यांचे देऊळही जेत्याच्या मंत्र्याच्या नावावर जमा व्हावे, हा विपर्यास आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, शब्दाचा अर्थ रूढी ठरविते, आणि आज 'हेमाडपंती' म्हणजे चुन्याविना रचलेले कोणतेही दगडी देऊळ. बोलीपुरता हा अर्थविस्तार मान्य करावयास प्रत्यवाय नाही. परंतु शास्त्रीय संज्ञेने भेद दाखवावा लागतो. ही संज्ञा तो झाकते. अंबरनाथचे देऊळ पश्चिमाभिमुख असून मंडपास तीन मुखमंडप आहेत. गर्भगृहात अनेक पायऱ्या उतरून जावे लागते. शिखराच्या अवशिष्ट भागावर उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधील लघुशिखरांच्या ओळी दिसतात. हे भूमिज शैलीचे लक्षण होय. त्यामुळे या देवळाचे नाते माळव्यात परमारांनी त्याच शतकात बांधलेल्या उदयपूरच्या उदयेश्वराशी जुळते, तसेच पुढे यादवकाळातील सिन्नरच्या गोंदेश्वराशीही. 'हेमाडपंती' म्हटले की हा सारा संबंध दृष्टीआड होतो आणि केवळ चुन्याचा अभाव तेवढा उरतो.

नवी मुंबई १९७० नंतर आखली गेली, म्हणून येथील विद्यार्थी आपल्या परिसरास इतिहास नाही असे समजतात. वस्तुतः पारसिकच्या डोंगराच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख शिलाहारांचा. ठाणे म्हणजे त्यांचे स्थानक. त्या राज्याचा एक दिनांकित पुरावा आपल्याजवळ उभा असता, त्यावर दुसऱ्याचे नाव लिहिणे अभ्यासकास शोभत नाही. पांडवांची कथा लोकांनी खुशाल सांगावी. ती कोणाची फसवणूक करीत नाही. आपण मात्र 'शिलाहारकालीन, भूमिज शैलीचे' असे लिहावे. अंकाची चूक आपल्या पूर्वसूरींनी दुरुस्त केली. शब्दाची चूक दुरुस्त करण्याचे काम आपल्याकडे आहे.