'आर्यभिषक्' आणि माळावरचा वैदू

दिवाळीची झाडलोट काढली की माळ्यावरून दरसाल एक जाडजूड पुस्तक खाली उतरते. ते म्हणजे शंकर दाजीशास्त्री पदे यांचे 'आर्यभिषक्'. पुष्कळ मराठी घरांनी हा ग्रंथ पोथीसारखा जपला. त्याची भाषा मला आजही आवडते. शास्त्रीबुवा पांडित्य मिरवीत नाहीत. झाडाची निरनिराळ्या भाषांतली नावे, गुण, उपयोग सांगतात आणि मोकळे होतात.

यंदा मात्र वाचताना एक उणीव टोचली. पाल्यामुळ्यांची ही सारी माहिती काही एकट्या चरक-सुश्रुतांची नसणार. भिल्ल, पारधी, वैदू यांनी रान तुडवून ती राखली. तो माणूस या पानांत मला कोठे भेटला नाही.

आमच्या बीडच्या बालाघाटात सीताफळे उदंड. त्यांच्या बिया वाटून लावल्या की उवा मरतात, हे घरोघर ठाऊक. पण लहानपणी दारी आलेल्या वैदूबाईने आईला पहिले वाक्य सांगितले ते निराळेच : "आधी पोरीचे डोळे बांध, माय. डोळ्यांत गेलं तर दिसायचं बंद व्हईल." बियांची पूड डोळ्याला खरोखरच घातक असते. औषध एका ओळीत मावते. ही धास्ती मावत नाही, आणि विद्या तर तिच्यातच असते.

ग्रंथकारांना बोल लावणारा मी कोण? माझ्याच एका कादंबरीत वैदू येतो तो लोकांना हसविण्यापुरता आणि लुबाडण्यापुरता!

हा वाद नुसता वाङ्मयीन असता तर सोडून दिला असता. १९४० च्या औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अधिकृत ग्रंथांची यादी आहे. तीत 'आर्यभिषक्' आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने वनस्पती व लोकज्ञानावर व्यापार करणाऱ्याने नफ्यातला वाटा स्थानिकांना द्यावा असे ठरविले. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्याला त्यातून सूट दिली. म्हणजे जे छापले गेले त्याचा वाटा बुडाला. न छापलेल्याचा मिळायचा, तर गावच्या जैवविविधता नोंदवहीत जाणकाराचे नाव हवे.

भिल्लाला निदान वस्ती आहे. सरकारदरबारी भटका ठरलेल्या वैदूचे नाव कोणत्या गावच्या वहीत घालायचे?