कावीची रेघ आणि तिचे द्रव्य

कलेविषयी लिहिताना आपण बहुधा आकृतीविषयीच लिहितो. देवाची मुद्रा, वेलीचे वळण, रेषेची लय यांची चर्चा होते; ती रेषा कशावर आणि कशाने ओढली, हा प्रश्न कारागिराचा म्हणून बाजूला ठेवला जातो. कोकण किनाऱ्यावरील कावीकलेच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मोरजीच्या वाचकाला ते पटवून देणे अवघड जाऊ नये.

शापोरा नदी समुद्राला मिळते तेथे आपले गाव वसले आहे. मागे जांभ्याची टेकडी, पुढे वाळू आणि शिंपले. कावीला लागणारे बहुतेक सारे या दोहोंच्या मध्ये सापडते. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र कालवून काही दिवस मुरत ठेवायचे व मग कुटून मऊ करायचे. त्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा, म्हणजेच कावेचा, थर द्यायचा, तो गुळगुळीत गोट्याने घोटायचा आणि ओल आहे तोवर लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. पुढे हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेत हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. चित्र आणि भिंत मग वेगळी काढता येत नाहीत.

कावीचे सौंदर्य या कृतीतूनच आलेले आहे. रंग दोनच असल्याने छायाप्रकाशाला वाव नाही. सारा भार रेषेच्या जाडीवर आणि मोकळ्या सोडलेल्या जागेवर. गिलावा सुकण्याच्या आत काम उरकायचे आणि खरवडलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून हात ठाम हवा. मोरजाईच्या देवळातील कावी पाहताना ज्या ठसठशीतपणाचे आपण कौतुक करतो, तो ठसठशीतपणा चितारी आणि चुना या दोघांचाही आहे. डॉ. कृष्णानंद कामत यांनी किनारपट्टीवर हिंडून या कलेची नोंद केली, ती मुख्यतः ती नष्ट होत असल्याचे पाहून. त्यांचे हे ऋण मानलेच पाहिजे.

आज कावीला पुन्हा बरे दिवस येत आहेत. कॅनव्हासवर, कापडावर, हॉटेलांच्या दर्शनी भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या आकृती दिसू लागल्या आहेत. तरुण चित्रकारांचा उत्साह स्वागतार्ह आहे. त्यांच्यामुळे नाव तरी लोकांच्या कानी पडते. परंतु ॲक्रिलिकने रंगवलेल्या कावीत रेघ खोदलेली नसते, वरून ओढलेली असते. ती पुसता येते, दुरुस्त करता येते, आणि ही मुभा डोळ्यांना जाणवते. अशा कामाला कावीच्या धर्तीचे चित्र म्हणावे; कावी म्हणू नये.

याहून गंभीर गोष्ट जीर्णोद्धाराची. भक्तिभावाने वर्गणी जमते, जुना गिलावा ओरबाडला जातो आणि त्या जागी सिमेंट, फरशी व तैलरंग येतात. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते; सिमेंट ती कोंडून ठेवते, आणि क्षार साचून शेजारचा जुना गिलावाही फुगून सुटतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करविला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाने आपल्या गावच्या भिंतीविषयी थोडी काळजी शिकवायला हवी होती.

दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. झुआरीच्या पात्रातील ज्या चपट्या शिंपल्याची तावदाने गोव्याच्या जुन्या घरांना असत, तोच शिंपला फिलिपिन्समध्ये ‘कापिझ’ म्हणून खिडक्यांना लागला. त्याच देशात मिंदानाओ बेटावरील त्बोली स्त्रिया केळीच्या कुळातील आबाका झाडाच्या तंतूंपासून ‘त्नालाक’ नावाचे वस्त्र विणतात. त्यातही रंग मोजके: तांबडा, काळा आणि तंतूचा मूळ फिकट रंग; तेही वनस्पतींपासून काढलेले. तेथे 1992 साली कायदा करून असे कारागीर राष्ट्राची संपत्ती ठरविण्यात आले. लांग दुलाय या विणकर स्त्रीला 1998 मध्ये हा सन्मान मिळाला. सन्मानाबरोबर विद्या पुढच्या पिढीला शिकविण्याची जबाबदारीही येते. शिकवायचे म्हणजे तंतू काढण्यापासून रंग शिजवण्यापर्यंत सारे. नुसती नक्षी उतरवून देणे नव्हे.

1788 मध्ये पेडणे सावंतवाडीकडून पोर्तुगीजांकडे गेले. राज्य बदलले तरी आपल्या घराण्यांनी देवळे सांभाळली, कीर्तन आणि पोथी सांभाळली. भिंत मात्र गवंड्यावर सोपविली. पुढच्या जीर्णोद्धाराची सभा भरेल तेव्हा महाजनांपैकी एकाने तरी उठून विचारावे, की गिलावा काढण्यापूर्वी त्याखाली काय आहे ते कोणी पाहिले आहे का, आणि चुना मुरवणारा माणूस अजून कोठे मिळेल.