आगन्तुक आणि आवासिक : ‘निवेदना’तील परदेशवास

चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकाकडे अभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष होते. तेथे सिद्धान्त नाहीत. आहेत ते केवळ वागणुकीचे नियम. परक्या विहारात येणाऱ्या भिक्षूने, म्हणजे आगन्तुकाने, आवारात शिरण्यापूर्वी वहाणा काढून झटकाव्यात, छत्री उतरवावी, डोके उघडे करावे. मग निजण्याची जागा कोणती, भिक्षेचे गाव जवळ की दूर, पिण्याचे पाणी कोठे, शौचाची जागा कोठे, संघाने आपसांत कोणते संकेत ठरविले आहेत, हे विचारून घ्यावे. तेथील आवासिकाने ज्येष्ठ पाहुण्यासाठी आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे. ध्यानात घ्यावयाचे ते असे की, दोघांचा विनय एक, शास्ता एक, भाषाही बहुधा एकच. तरीही विचारल्यावाचून काही गृहीत धरावयाचे नाही.

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (1924) या दृष्टीने वाचले म्हणजे त्यातील परदेशवासाचे भाग निराळे दिसू लागतात. 1876 साली गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद 1899 मध्ये घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास करीत 1902 साली ते नेपाळात गेले आणि त्याच वर्षी सिंहलद्वीपात पोहोचले. नेपाळने त्यांची निराशा केली, सिंहलाने त्यांना घडविले. आपले बहुतेक समीक्षक हा फरक त्या दोन देशांतील धर्मस्थितीचा मानून पुढे जातात. प्रस्तुत लेखकास हे पुरते पटत नाही.

राणांच्या राजवटीतील नेपाळात त्या काळी भिक्षुसंघ नव्हता, हे खरे. तेथील वज्राचार्य गृहस्थाश्रमी होते, आणि शुद्ध बुद्धशासन पाहण्याच्या ओढीने गेलेल्या तरुणाला ते रुचले नाही. परंतु काशीत संस्कृत शिकून आलेल्या या विद्यार्थ्यासमोर ज्यांचे बौद्ध वाङ्मय संस्कृतातच टिकून राहिले होते असे लोक होते. नेपाळातून हॉजसन यांनी पाठविलेल्या पोथ्यांच्या आधारे ब्यूर्नूफ यांचा सद्धर्मपुण्डरीकाचा फ्रेंच अनुवाद 1852 साली प्रसिद्ध झाला. त्याच संग्रहावर राजेन्द्रलाल मित्र यांनी 1882 साली ग्रंथ लिहिला. अशा ठिकाणी धर्मानंद अल्पकाळ राहिले आणि परतले. ओळखीची लिपी, ओळखीचे देव, ओळखीची भाषा. त्यामुळे येथे काही विचारावे लागेल असे त्यांना वाटलेच नसावे. मनातील चित्राशी समोरचा देश जुळला नाही, आणि दोष देशाकडे गेला.

आमच्या भागातील वाचकाला याच्या उलट उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणाच्या पट्ट्यातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याचे काम करीत देशभर पसरले, तसे नेपाळातही गेले. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. पाट्या देवनागरीत, दसऱ्याला दशैं, दिवाळीला तिहार. पण तिहारात कावळा आणि कुत्रा यांचीही पूजा होते, वर्ष बैशाखात सुरू होते, घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असते आणि रुपया निराळ्या मोलाचा असतो. पोटासाठी गेलेला माणूस हे सारे पहिल्या महिन्यातच विचारून घेतो, कारण चुकीचा हिशेब त्याला परवडत नाही. आदर्श शोधावयास गेलेल्याला ही निकड नसते. लोणंदला दर आषाढवारीत माउलींची पालखी मुक्कामाला असते, तेव्हा हजारो अनोळखी माणसे गावात मिसळून जातात; परंतु मुक्काम निराळा आणि वस्ती निराळी. नेपाळात धर्मानंदांनी मुक्काम केला, इतकेच म्हणता येईल.

कोलंबोत मात्र त्यांनी वहाणा झटकल्या. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी 1873 साली स्थापिलेल्या विद्योदय परिवेणात ते श्रामणेर म्हणून दाखल झाले. भात आणि नारळ यांचा हा देश गोव्याच्या माणसाला दिसावयास परका नव्हता. तथापि पाली ग्रंथ सिंहली लिपीत होते. देवनागरीत ते फारच दुर्मिळ. पंचविशी ओलांडलेल्या, संस्कृत व्याकरण पढलेल्या माणसाने पुन्हा मुळाक्षरे गिरवावयाची, मध्याह्नानंतर जेवावयाचे नाही आणि सर्वस्वी आचार्यांच्या आश्रयाने राहावयाचे, हा विनयातील ‘निस्सय’च होय. तेथेही ते फार वर्षे राहिले नाहीत. मद्रासमार्गे पुढे ब्रह्मदेशात गेले. पण शिकले ते टिकले. 1940 साली भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केलेली त्यांची ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती पाली शिकणाऱ्या मराठी वाचकाची सिंहली लिपीची अडचण दूर करते, एके काळी तीच अडचण संपादकाने स्वतः सोसली होती.

‘निवेदना’ची भाषा अनलंकृत आहे आणि तेच तिचे बळ आहे. स्वतःच्या हालांचे भांडवल लेखक करीत नाही. उणीव आहे ती आवासिकांच्या बाजूची. ज्या सिंहली भिक्षूंनी या परक्या तरुणाला सामावून घेतले, त्यांना तो कसा वाटला असेल, हे पुस्तकातून फारसे हाती लागत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. गोव्यात मागे राहिलेल्या पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांच्याविषयीची खंत लेखकाने लपविलेली नाही. परंतु त्यांचे दिवस कसे गेले, हे त्याच्या लेखणीच्या कक्षेबाहेरच राहते. विनयाने पाहुणा आणि यजमान यांची कर्तव्ये सांगितली; गावी थांबलेल्यांचा विचार त्या खन्धकात नाही, आणि भिक्षूंच्या नियमावलीत तो असण्याचे कारणही नाही. आत्मवृत्ताला मात्र ही सबब चालत नाही. मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी अनुवादामुळे आता ‘निवेदन’ मराठीबाहेरही वाचले जाते. त्या वाचकांनी नेपाळ आणि सिंहल यांचे भाग शेजारी ठेवून वाचावेत, आणि घराविषयीची तुरळक वाक्ये ओलांडून जाऊ नयेत.