बारकाव्याचे मोल

कलाकृतीत बारकावा किती असावा, हा वाद कलेइतकाच जुना आहे. अलीकडे मात्र त्याला किमतीची चिठ्ठी चिकटली आहे. संगणकावर घडविलेल्या मानवाकृती आज तयार विकत मिळतात, आणि त्यांच्यावर चढवावयाचे जोडसामानही निराळे मिळते. व्यवसायातील लोक त्यास ‘एचडी अ‍ॅड-ऑन’ म्हणतात. त्वचेवरील रंध्रे, ओठांच्या भेगा, हातांच्या शिरा, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, असा हा माल असतो. बुलढाणा, खामगाव, मलकापूर अशा गावांतील मुलांनाही आता अ‍ॅनिमेशनची ओढ लागली आहे. तेव्हा हे सामान आणि ते पेलणारे यंत्र यांसाठी पैसे मोजावेत काय, हा प्रश्न वडील मंडळींपुढे येणारच. वरवर पाहता हा खर्चाचा प्रश्न आहे. आमच्या मते तो मुळात रसिकतेचा आहे, आणि त्याचा उलगडा बुलढाणा जिल्ह्यातील दोन मूर्तींवरून चांगला होतो.

नांदुरा येथे महामार्गालगत हनुमानाची 105 फूट उंचीची मूर्ती उभी आहे. ती लांबून, बहुधा धावत्या वाहनातून पाहावयाची. तिचे काम आकार, रंग आणि उभे राहण्याचा डौल एवढ्यावर भागते. तिच्या बोटांवर कातडीच्या रेषा कोरल्या असत्या, तर त्या कोणास दिसल्या असत्या? मेहकरच्या शारंगधर बालाजीची गोष्ट निराळी. 1888 साली जमिनीतून निघालेली ही काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती सुमारे 11 फूट उंच आहे. भाविक तिच्या निकट, स्वस्थपणे उभा राहतो; म्हणून तेथील नाजूक कोरीव काम सार्थ होते. तथापि आपल्या जुन्या मूर्तिकारांची रीत येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मुकुट, हार, मेखला यांवर त्यांनी छिन्नीचे सारे कसब ओतले. देवतेचे अंग मात्र नितळ ठेवले. हाराचा एकेक मणी कोरणाऱ्या हातास शिरा आणि सुरकुत्या कोरणे अवघड होते थोडेच! नजर कोठे थांबावी आणि कोठून सरकत जावी, याचा निर्णय त्यांनी आधी केला होता.

आता संगणकाकडे वळू. संगणकातील मानवाकृती म्हणजे चौकोनांची एक जाळी असते. एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी 1978 साली मांडलेल्या पद्धतीने ही जाळी अधिक मऊ करता येते. मात्र दर पायरीस प्रत्येक चौकोनाचे चार होतात. मूळ आकृती 16,000 चौकोनांची धरली, तर चौथ्या पायरीस ती 40,96,000 चौकोनांची होते. उलटपक्षी 1,920 गुणिले 1,080 अशा नेहमीच्या पडद्यावर एकंदर ठिपकेच 20,73,600. नखशिखान्त उभ्या व्यक्तीस त्यांपैकी फार तर तीन लाख मिळावयाचे. आकृतीची पाठीमागील बाजू वगळली, तरी एकेका ठिपक्यामागे सहा-सात चौकोन उभे राहतात! यंत्र धापा टाकते, चित्र तयार होण्यास विलंब लागतो, आणि पाहणाराच्या पदरी काहीच पडत नाही. शिवाय जाळी न वाढविता केवळ छायाप्रकाशाच्या हिशेबाने पृष्ठभाग खडबडीत भासविण्याची युक्ती जेम्स ब्लिन यांनी त्याच 1978 साली दाखविली आहे. दूरच्या आणि मध्यम अंतरावरच्या आकृतींना तेवढी पुष्कळ झाली.

दुसरी गोष्ट अशी की, त्वचेचे जिवंतपण रंध्रांपेक्षा प्रकाशावर अधिक अवलंबून असते. प्रकाश त्वचेच्या आत शिरतो, तेथे विखुरतो आणि तांबूस छटा घेऊन बाहेर येतो. सूर्यासमोर धरलेल्या कानाच्या पाळीत हे कोणीही पाहावे. हेन्रिक वॅन येन्सेन आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 साली याचे सुटसुटीत गणित दिले. ते साधले नाही, तर हजार रंध्रे असूनही गाल चुन्याच्या भिंतीसारखा दिसतो. जपानचे यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 सालीच बजावले होते की, कृत्रिम आकृती माणसाच्या फार जवळ आली, परंतु पुरती पोहोचली नाही, म्हणजे आपलेपणा वाटण्याऐवजी अंगावर शहारा येतो. बारकावा अपेक्षा वाढवितो. कातडी खरी आणि नजर निर्जीव, हा विसंवाद मग अधिकच खुपतो.

याचा अर्थ हे सामान सर्वथा टाकाऊ आहे, असा मात्र नव्हे. पडदाभर चेहरा दाखवावयाचा असेल, तर हिशेब पालटतो. कारण जाळीचा थोडाच भाग चेहऱ्याच्या वाट्यास येतो आणि मूळ आकृती उघडी पडते. वार्धक्य, श्रम, आजार हेच जेथे कथेचे मर्म आहे, तेथे शेतकऱ्याच्या हातावरील घट्टे आणि शिरा यांना अर्थ आहे. हसताना उमटून पुन्हा मावळणारी सुरकुती तर अभिनयाचाच भाग होय. अशा ठिकाणी पैसे मोजण्यास आम्ही कचरणार नाही.

आणखी एक धोका आम्हांस गंभीर वाटतो. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. उद्या तेथील कोणी होतकरू तरुण जिजाऊंची संगणकीय आकृती घडवू म्हणेल, तर त्याचे कौतुकच व्हावे. परंतु 1598 साली जन्मलेल्या त्या माउलीच्या गालावरील तीळ आणि कपाळावरील आठी त्याने बाजारच्या सामानातून बसविली, तर ते कलेपेक्षा खोट्या साक्षीच्या अधिक जवळ जाईल. छायाचित्रासारखी दिसणारी वस्तू पाहणारा पुरावा म्हणून स्वीकारतो. मुले तर तोच चेहरा आयुष्यभर खरा मानतील. जेथे इतिहास मुका आहे, तेथे नितळपणा हाच प्रामाणिकपणा होय.

तेव्हा वडील मंडळींनी मुलास नकार देण्यापूर्वी किंवा पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारावे: ही आकृती किती अंतरावरून पाहिली जाणार, तिच्यावर प्रकाश नीट पडला आहे काय, आणि हा बारकावा त्या व्यक्तीविषयी काय सांगतो? तिन्हींची उत्तरे त्याजपाशी असतील, तर खर्च अवश्य करावा. नसतील, तर मेहकरास जाऊन शारंगधरापुढे तासभर बसावे. ते शिक्षण अधिक टिकाऊ, आणि त्याला यंत्रही लागत नाही.