स्वरलिपी आणि पत्र : डेव्हिड ट्यूडर व कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन

पाश्चात्त्य संगीतातील रचनाकार आणि वादक यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे एक सोयीचे गृहीत रूढ आहे. रचनाकार लिहितो आणि वादक ते लिखित नादरूपात उतरवितो. पहिला कर्ता, दुसरा त्याचा वाचक. १९५० नंतरच्या दशकात हे गृहीत जेथे ढासळले, तेथे दुसरे तितकेच सोयीचे गृहीत पुढे येते. वादकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, म्हणून ते संगीत आपल्या ख्यालगायनाच्या जवळ आले, असे मानले जाते. प्रस्तुत लेखकाला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. अमेरिकन पियानोवादक डेव्हिड ट्यूडर (१९२६–१९९६) आणि जर्मन रचनाकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन (१९२८–२००७) यांचे सख्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. एक न्यूयॉर्कच्या परिसरात राहणारा, दुसरा कलोनचा. दोघांच्या मध्ये महासागर. वर्षातून एखादी भेट घडे. एरवी टपालाने जाणारा कागद हेच त्यांच्या भेटीचे स्थान होते.

या सख्याची पूर्वपीठिका मात्र पॅरिसशी निगडित आहे. १९४९ मध्ये जॉन केज याने पिएर बुलेझ याच्या दुसऱ्या पियानो सोनाटाची प्रत न्यूयॉर्कला आणली. १७ डिसेंबर १९५० रोजी ट्यूडरने ती रचना कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये वाजविली; अमेरिकेतील ते तिचे पहिले वादन. तयारीच्या काळात स्वर बोटांत बसले, तरी एकातून दुसरे का निघते हे त्याला उमगेना. तेव्हा त्याने फ्रेंच भाषा शिकून घेतली, बुलेझ जे वाचत होता ते वाचावयास घेतले, आणि आंतोनां आर्तो याच्या रंगभूमिविषयक लेखनात त्याला वाट सापडली. अखंड ओघाची अपेक्षा सोडून प्रत्येक क्षण स्वतंत्र मानावयाचा, ही ती वाट. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रसंग मोह घालणारा आहे, हे कबूल करावयास हवे. पियानोच्या पट्ट्यांवरील एक अडचण सोडविण्यासाठी मनुष्य परभाषेचे व्याकरण घेऊन बसतो, ही गोष्ट नित्याची नव्हे. परंतु त्यातून ट्यूडरची वृत्ती दिसते. स्वरलिपी त्याच्या लेखी आज्ञापत्र नव्हती. ती कोणा एका व्यक्तीचे बोलणे होती, आणि ते कळण्यासाठी बोलणाराचे मन कोठे रमते हे पाहणे त्याला आवश्यक वाटले.

१९५४ च्या शरदऋतूत केज आणि ट्यूडर युरोपच्या दौऱ्यावर गेले. ऑक्टोबरात डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात त्यांचे वादन झाले आणि पुढे कलोनलाही ते गेले. स्टॉकहाउझेन त्या वेळी पियानोरचनांच्या दुसऱ्या मालिकेत गुंतला होता. १९५४–५५ मधील पाचवी ते आठवी या चार पियानोरचना त्याने ट्यूडरला अर्पण केल्या. या अर्पणाला उपचार समजू नये. त्याचे प्रमाण खुद्द स्वरलिपीत आहे. या रचनांत मुख्य स्वरांभोवती बारीक स्वरांचे पुंजके विखुरलेले आहेत आणि ते ‘शक्य तितक्या जलद’ वाजवावयाचे असतात. पुंजका किती दाट, उड्या किती लांब, यावर त्याचा काळ ठरतो. म्हणजे मात्रा कागदावर निश्चित झालेली नाही. ती वादकाच्या हातावर सोपविलेली आहे.

भाषेत ‘येथे’, ‘आत्ता’, ‘मी’ अशा दर्शक शब्दांचा एक वर्ग आहे. या शब्दांना स्वतःचा असा स्थिर निर्देश नसतो. उच्चारणारा कोण आणि कोठे उभा आहे, यावरून तो ठरतो. ‘शक्य तितक्या जलद’ हे चिन्ह त्याच वर्गातले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. आणि येथेच पत्राची उपमा उपयोगी पडते. पत्रात आपण ‘त्या दिवशीचे ते’ एवढेच लिहितो आणि स्नेह्याला सर्व कळते. त्रयस्थाने ते पत्र उघडले तर त्याला शब्द कळतात, मजकूर कळत नाही. स्टॉकहाउझेनची चिन्हे एका विशिष्ट वाचकाच्या हाताची ओळख धरून लिहिलेली होती. पुढे ती छापून सर्वांच्या हाती आली, तेव्हा इतर वादकांना जी अडचण भासली तिचे मूळ केवळ बोटांच्या कष्टांत नव्हते. दुसऱ्याच्या नावे आलेले पत्र वाचावे लागत होते.

अकरावी पियानोरचना (१९५६) हे याचे टोक. एकाच मोठ्या कागदावर १९ स्वरखंड पसरलेले. वादकाने सहज नजर जाईल त्या खंडापासून आरंभ करावयाचा. त्याच्या शेवटी गती, नादाचे बळ आणि आघात यांची चिन्हे असतात, ती ध्यानी घेऊन पुन्हा सहज नजर जाईल तो खंड वाजवावयाचा. एखादा खंड तिसऱ्यांदा समोर आला की वादन संपले. २२ एप्रिल १९५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्यूडरने ही रचना प्रथम वाजविली. कल्पना चमकदार आहे, परंतु तिच्यातील ‘सहज नजर’ हा भाग प्रस्तुत लेखकाला पटत नाही. १९ खंड महिनोन्महिने घोटलेल्या मनुष्याची नजर सहज राहत नाही. तिला सवयी जडतात, आवडीनिवडी जडतात. केजने १९५८ मध्ये डार्मस्टाट येथील व्याख्यानात या रचनेवर आक्षेप घेतला, तो वेगळ्या अंगाने होता : एवढी अनिश्चितता योजूनही रचना युरोपीय संगीताच्या रूढ चौकटीतच राहते, असा त्याचा रोख होता. दोन्ही आक्षेप एकत्र ठेवले म्हणजे ध्यानात येते की, येथे रचनाकार जेवढे देऊ करतो त्याहून कमी देतो.

ट्यूडरने स्वतः स्वातंत्र्य कसे वापरले, हे पाहिल्यावर ख्यालाची उपमा किती फसवी आहे ते कळते. केजच्या १९५८ मधील पियानो व वाद्यवृंदासाठीच्या रचनेत पियानोचा भाग ६३ पृष्ठांचा असून त्यात ८४ प्रकारची चिन्हपद्धती आहे. ट्यूडरने ती पृष्ठे पियानोवर ठेवून ऐन वेळी काही सुचेल याची वाट पाहिली नाही. मोजमाप करून, प्रत्येक चिन्हाचा अर्थ ठरवून, त्याने आपल्यासाठी नेहमीच्या स्वरलिपीत स्वतंत्र वादनप्रत तयार केली आणि ती वाजविली. भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिहिलेली बंदीश ही स्मरणाची खूण असते. तिचा विस्तार मैफलीत, श्रोत्यांसमक्ष, त्या क्षणी घडतो. ट्यूडरचा विस्तार मैफलीपूर्वी, एकांतात, लेखणीने घडे. त्याचे काम भाषांतरकाराच्या कामाशी अधिक जुळते. क्षेत्राभ्यासात ध्वनिमुद्रित संभाषणाचे लिप्यंतर आम्ही दोन विद्यार्थ्यांकडून करवून घेतो, तेव्हा दोन प्रती कधीही एक येत नाहीत आणि दोन्ही प्रामाणिक असतात. हा अनुभव ज्यांना आहे त्यांना ट्यूडरच्या प्रतीचे मोल निराळे समजावून सांगावयास नको.

मग कर्तृत्व कोणाचे? मुखपृष्ठावर रचनाकाराचे नाव असते, आणि ट्यूडरचे नाव सामान्य वाचकाला ठाऊक असते ते बहुधा २९ ऑगस्ट १९५२ च्या वुडस्टॉक येथील त्या प्रसंगामुळे, जेव्हा केजच्या रचनेनुसार तो चार मिनिटे तेहेतीस सेकंद पियानोपुढे बसला आणि त्याने एकही स्वर वाजविला नाही. दैवाचा हा विनोदच म्हणावा लागेल. त्याचा पत्रव्यवहार आणि वादनप्रती आज लॉस एंजेलिस येथील गेटी संशोधन संस्थेत आहेत. पाश्चात्त्य संगीताच्या या कालखंडावर लिहिणाऱ्याने छापील स्वरलिपीइतकेच या कागदांना प्रमाण मानले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अंतर कमी झाल्यावर काय घडले, तेही बोधक आहे. ‘कोन्टाक्टे’ या रचनेत ध्वनिफितीवरील विद्युत्-नादांबरोबर पियानो व आघातवाद्ये वाजतात. वादकांनी फितीला आपापल्या परीने प्रतिसाद द्यावा, असा आरंभीचा बेत होता. अखेरीस वाद्यांचे भाग पूर्णपणे लिहून काढले गेले. ११ जून १९६० रोजी कलोन येथे ट्यूडर आणि क्रिस्टोफ कास्केल यांनी ते सादर केले. वादक शेजारी येऊन बसला आणि स्वरलिपीतील मोकळी जागा भरून गेली! फीत कोणासाठी थांबत नाही, हे एक कारण आहेच; पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

दहावी पियानोरचना ट्यूडरने प्रथम वाजवावी असे ठरले होते. ती हाती येण्यास इतका विलंब झाला की तयारीला अवधी उरला नाही; १९६२ मध्ये पालेर्मो येथे ती फ्रेडरिक झेव्स्कीने वाजविली, आणि अर्पण झाली ती आलोयस कोंटार्स्की याला. तोवर ट्यूडर विद्युत्-नादाकडे वळू लागला होता. १९६९ मध्ये तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा कक्ष उभारण्यासाठी आला. बरोबर मूग सिंथेसायझर होता. तेथे तो आला तो पियानोवादक म्हणून नव्हे.