व्यापाराची फ्रेंच आणि व्यवहाराची फ्रेंच

व्यापारी फ्रेंचचे कोणतेही क्रमिक पुस्तक उघडावे. पत्राच्या अखेरीस लिहावयाचे एक लांबलचक विनयाचे वाक्य त्यात हटकून भेटते. आपल्या 'कळावे, लोभ असावा ही विनंती' याचेच ते सख्खे भावंड होय. त्यामागोमाग बीजक, हुंडी, विमा, मालाची मागणी आणि मालाविषयीची तक्रार यांचे शब्द येतात. पॅरिसच्या व्यापारी मंडळाने तर १९५८ पासून अशा फ्रेंचच्या परीक्षाच चालविल्या आहेत. आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांतून मुलामुलींना फ्रेंच शिकविली जाते, आणि 'याचा पुढे उपयोग काय?' हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या ओठावर असतोच. प्रश्न रास्त आहे. भाषेच्या जोडीला त्या त्या देशांचा व्यापार आणि अर्थकारण शिकवावे, हे त्याचे उत्तरही रास्तच आहे. आमची तक्रार एवढीच, की ही जोडी जमविताना ललित वाङ्मयाला निरुपयोगी ठरवून बाहेर बसविण्याकडे पुष्कळांचा कल दिसतो. पैशाची फ्रेंच ज्याला खरोखर यावयास हवी, त्याला कादंबरीवाचून गत्यंतर नाही, असे आम्हांस वाटते.

फ्रेंचमधील 'कोमेर्स' हा शब्दच पाहावा. त्याचा रूढ अर्थ व्यापार. परंतु माणसाचे माणसाशी असलेले वागणे, येणेजाणे, हाही त्याचा जुना अर्थ आहे. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये, कारण आपला 'व्यवहार' हा शब्दही असाच दुहेरी आहे. क्रमिक पुस्तक त्यातला पहिला अर्थ शिकविते. दुसरा कोठे शिकावयाचा?

बाल्झाकची 'सेझार बिरोतो' ही कादंबरी १८३७ साली प्रसिद्ध झाली. सेझार हा पॅरिसमधील सुगंधी तेले आणि उटणी विकणारा भाबडा दुकानदार. जमिनीच्या सट्ट्यात तो पैसा गुंतवितो, ज्याच्यावर विश्वास ठेवला तो नोटरी पैसे घेऊन परागंदा होतो, आणि सेझारचे दिवाळे निघते. येथे शब्दांची एक बारीक कड आहे. फ्रेंच व्यापारी कायद्यात 'फायीत' म्हणजे देणे भागविता न आल्याने आलेली नादारी, आणि 'बांक्रूत' म्हणजे निष्काळजीपणाने वा लबाडीने ओढविलेले, शिक्षेस पात्र असे दिवाळे. कोशात या दोन शब्दांना एकेक ओळ मिळते. त्या दोन ओळींमधील अंतर किती भयंकर आहे, हे मात्र सेझारबरोबर धनकोंच्या बैठकीला बसल्यावाचून कळत नाही. नादार माणसाला त्या काळी शेअरबाजारात पाऊल टाकण्याचीही बंदी होती. मुद्दल, व्याज आणि खर्च यांची पैन् पै फेडली, तरच न्यायालय त्याची अब्रू त्याला परत देई. सेझार ती मिळवितो आणि त्या आनंदाच्या भरातच प्राण सोडतो. हा शेवट भडक आहे, हे मान्य करावयास हवे. पण हुंड्या, मुदती आणि तारण यांच्या हिशेबाची जी पाने घाईचा वाचक चाळून टाकतो, तीच या ग्रंथाची खरी शक्ती होय. बाल्झाक स्वतः छापखान्याच्या धंद्यात बुडाला होता आणि त्या कर्जाचे ओझे त्याने पुढे कित्येक वर्षे वाहिले. तेव्हा हे ज्ञान त्याला फुकटात मिळालेले नव्हते.

झोलाने १८८३ मध्ये 'ओ बॉनर दे दाम' या कादंबरीत पॅरिसच्या प्रचंड वस्त्रभांडाराचे चित्र काढले. ठरावीक किंमत, थोडा नफा, भांडवलाची झपाट्याने उलाढाल आणि न आवडलेला माल परत घेण्याची सोय, ही नव्या दुकानदारीची सारी सूत्रे येथे आहेत; आणि समोरच्या काळोख्या दुकानात झिजत जाणारा जुना कापडविक्या बोदू हाही आहे. मालक मूरे आणि गरीब विक्रेती डनीज यांच्या विवाहाने लेखकाने शेवटी थोडी साखर पेरली आहे खरी. परंतु बोदूचा संसार त्या साखरेने गोड होत नाही.

येथवर आपण फ्रान्समध्येच होतो. परंतु फ्रेंच चालते ते सर्व देश फ्रेंच माणसांचे नव्हेत, आणि व्यापारी फ्रेंचच्या अभ्यासकाने जे पुस्तक कधीही टाळू नये, ते फ्रान्सबाहेरचे आहे. सेनेगलचा लेखक ऊस्मान सेंबेन याची 'ल मांदा', म्हणजे 'मनिऑर्डर', ही छोटी कादंबरी १९६६ ची. डाकार शहरातील बेकार गृहस्थ इब्राहिमा दिएंग याला पॅरिसमध्ये झाडूकाम करणारा भाचा पंचवीस हजार फ्रँक पाठवितो. त्यातले दोन हजार मामाचे, तीन हजार भाच्याच्या आईचे, बाकीचे वीस हजार जपून ठेवावयाचे. दिएंगला फ्रेंच वाचता येत नाही. पत्र वाचवून घ्यावयालाही त्याला पैसे मोजावे लागतात. टपालकचेरी ओळखपत्र मागते. ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला हवा. दाखल्यासाठी जन्मतारीख हवी, आणि ती तर कोणालाच ठाऊक नाही. तोवर मनिऑर्डरीची वार्ता आळीभर पसरून उसने मागणाऱ्यांची रीघ लागते. अखेर एक सुशिक्षित आप्त त्याच्याकडून मुखत्यारपत्र लिहून घेतो, पैसे उचलतो, आणि ते चोरीस गेले असे सांगतो. शेवटच्या पानांत लेखक किंचित उपदेशाकडे झुकतो. परंतु तोपर्यंत काम झालेले असते. फॉर्म, सही, मुद्रांक, दाखला हे व्यापारी फ्रेंचच्या पहिल्या धड्यातले निरुपद्रवी शब्द येथे एकेका विटेप्रमाणे रचले जाऊन त्यांची भिंत होते. सेंबेनने १९६८ साली याच कथेचा बोलपट केला तो वोलोफ भाषेत, हेही अर्थपूर्णच म्हटले पाहिजे.

दिएंगचे पंचवीस हजार म्हणजे त्या वेळचे अवघे पाचशे फ्रेंच फ्रँक. कारण त्याचा फ्रँक 'सेएफा' फ्रँक होता. १९४५ मध्ये हे चलन निघाले तेव्हा त्या अक्षरांचा अर्थ होता 'आफ्रिकेतील फ्रेंच वसाहती'. वसाहती स्वतंत्र झाल्या. अक्षरे तीच राहिली, अर्थ तेवढा बदलून पश्चिमेकडे 'आफ्रिकी वित्तसमुदाय' आणि मध्य आफ्रिकेत 'वित्तसहकार्य' असा करण्यात आला. जानेवारी १९९४ मध्ये फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत त्याचे मोल एका दमात निम्मे झाले. १९९९ पासून ते युरोशी जखडलेले आहे. नावातल्या तीन अक्षरांचा हा इतिहास भाषेच्या तासाला शिकवावयाचा, की अर्थशास्त्राच्या? दोन्ही तास एकच असतील, तरच तो नीट शिकविला जाईल.

कोणी म्हणेल, बाल्झाकचा कायदा जुना झाला, आणि नवशिक्याला ती फ्रेंच पेलणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच आमची सूचना माफक आहे. बिरोतोची बैठक वरच्या वर्गांसाठी राहू द्यावी. पण मनिऑर्डरीचा फॉर्म भरावयास शिकविताना सेंबेनची चार पाने शेजारी ठेवावीत. विद्यार्थी फॉर्म अचूक भरील, परीक्षेत गुणही मिळवील, आणि पुढे एखाद्या कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूस त्याला खुर्चीही मिळेल. त्या दिवशी खिडकीबाहेर कागद उलटा धरून उभा असलेला दिएंग त्याला ओळखता आला, तर त्याच्या घरच्यांनी फ्रेंचवर केलेला खर्च वसूल झाला असे समजावे.