सदतीस नाती आणि एक मामा

परीक्षणं कथा-कादंबऱ्यांचीच का लिहायची? कायद्याच्या पुस्तकाकडे एकही टीकाकार फिरकत नाही. तेव्हा ही सेवा भिवंडीतल्या एका बँक-कारकुनाकडून गोड मानून घ्यावी. परीक्षणाचा विषय : लग्नाचे कायदे. प्रकरण : नात्यातली लग्नं.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याला एक यादी जोडली आहे. पुरुषानं लग्न करू नये अशी ३७ नाती, बाईसाठी आणखी ३७. सुरुवात आईपासून. आजी आहे, पणजीसुद्धा आहे! पणजीला मागणी घालणारा गृहस्थ संसदेला कुठं भेटला, कोण जाणे. मामे, आते, मावस, चुलत बहिणी शेवटच्या चार जागांवर. थोडक्यात, पात्रं उदंड, कथानक शून्य.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा मात्र गणिताचा. बापाकडून पाच पिढ्या, आईकडून तीन, मोजणी स्वतःपासून. एवढ्यात समान पूर्वज निघाला की दोघं सपिंड. अट मोडली तर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (या हजाराला अजून महागाई भत्ता लागू झालेला नाही.) आणि शेवटी एक वाक्य : रूढी असेल तर चालेल. म्हणजे दाराला भलंमोठं कुलूप, आणि किल्ली शेजारणीकडे!

आता आमच्या गावात या. पद्मानगरात तेलुगू विणकरांची वस्ती. तेलुगू मुलखातल्या कित्येक जातींत मामानं बहिणीच्या मुलीशी लग्न करण्याची जुनी चाल. मोमीन विणकरांच्या घरी ते ऐकून कानावर हात ठेवतील. पण चुलत, मामे, मावस, आते, सगळी स्थळं त्यांच्या शरीयतीला मान्य. आणि मराठा-कुणबी घरांत मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, आत्याच्या मुलीचं नाव काढलं तर म्हातारी मंडळी नाक मुरडणार. माग सगळीकडे तेच, सूत तेच. वीण मात्र दर गल्लीत निराळी. आणि प्रत्येक गल्लीला दुसरीची वीण उसवलेली वाटते!

अर्जुनाची सुभद्रा त्याची मामेबहीणच. वत्सलाहरणातला अभिमन्यूही मामाच्याच मुलीसाठी झुरला. सपिंडाचा हिशेब लावला तर दोघांनाही रूढीचा दाखला आणावा लागला असता.

इथवर गंमत. पण ग्रंथाचा खरा दोष पुढं आहे. कायद्याला हवी असलेली रूढी पुष्कळ काळ, अखंड आणि एकसारखी चालत आलेली असावी लागते. हा पुरावा मागतात कधी? लग्नात नाही. तेव्हा भटजी, मामा, आचारी, सगळे खूश. पुरावा मागतात तो संसार मोडल्यावर, आणि बहुधा बाईकडे. दिल्लीत एका नवऱ्यानं आपण दोघं सपिंड आहोत असं दाखवून लग्नच रद्दबातल ठरवून घेतलं. बाईनं त्या अटीलाच आव्हान दिलं; २०२४ साली तिथल्या उच्च न्यायालयानं अट कायम ठेवली. अशा लग्नातली मुलं कायद्यानं औरस राहतात. त्यांची आई मात्र बायको राहत नाही. वऱ्हाडात जेवून गेलेले पाचशे लोक साक्षीला मात्र पाचही मिळत नाहीत.

बँकेत आम्ही ओळख मागतो ती खातं उघडताना. वीस वर्षं पैसे भरून घेऊन, काढायच्या दिवशी ‘बाई, तुम्ही कोण?’ असं विचारलं तर गिऱ्हाईक काउंटर डोक्यावर घेईल, आणि योग्यच करील. लग्न नोंदवतानाच विचारावं : नातं काय, रूढी कोणती, घरात पूर्वी अशी लग्नं कोणाची झाली? दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. मग पुढं कुठल्याही नवऱ्याला रूढीचा विसर पडणार नाही.

तात्पर्य : ग्रंथ विद्वत्तापूर्ण, पात्रयोजना विपुल, पण शेवट बाईच्या अंगावर ढकललेला. पुढच्या आवृत्तीत पणजीचं नाव गाळलं तरी चालेल. बायकोचं तेवढं राहू द्यावं.